सिनेमात जायचंय, म्हणजे नेमकं कशात?

धायरीहून एक पत्र आलंय. लिहिणारी २७ वर्षांची इंजिनिअर आहे. साडेचार वर्षं हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेशनचं काम करते. कॉलेजात असताना तीन वर्षं ‘पुरुषोत्तम’ या एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये बॅकस्टेजला होती, आणि दिग्दर्शक व्हायचं हे तेव्हापासून मनात आहे. आता ओळखीतल्या एकानं एका मराठी चित्रपटावर चौथी सहायक दिग्दर्शक म्हणून बोलावलंय. कोकणात ४५ दिवसांचं शूटिंग आहे, पैसे नाहीत, ‘शिकायला मिळेल’. १५ दिवसांत उत्तर द्यायचंय. दुसरीकडे एका खासगी संस्थेचा वर्षभराचा फिल्ममेकिंगचा कोर्स आहे, त्याची फी ६ लाख. घराच्या हप्त्यात तिचा निम्मा वाटा आहे. बँकेतून निवृत्त झालेले वडील रोज एकच विचारतात, “सिनेमात म्हणजे तिथे जाऊन तू नेमकं करणार काय?” तिला तो अपमान वाटतो. नोकरी सोडू का, असा तिचा प्रश्न आहे. आत्ता सोडली नाही तर कधीच सुटणार नाही, असं तिला वाटतं.

प्रिय धायरीकर,

वयानं तू माझ्या भाचीएवढी, म्हणून सरळ एकेरीत लिहिते. पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. ही जुनी खोड आहे. २१ वर्षं सेटवर काढली, त्यातली निम्मी कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते बघण्यात, आणि पुढची शेड्यूल लावण्यात. हातात कागद आला की काय कितीदा आलंय ते आधी मोजते.

‘दिग्दर्शन’ आणि ‘दिग्दर्शक’ मिळून ११ वेळा आलेत. पण एखादा प्रसंग तुला कसा दिसतो, नटाशी तू काय बोलशील, कुठली गोष्ट सांगितल्याशिवाय तुला चैन पडत नाही, यावर एक ओळ नाही. ‘पुरुषोत्तम’वर मात्र दीड पान आहे. त्यात ती २०० पानी वही आहे: डावीकडे प्रवेश, उजवीकडे सामान, कुठली वस्तू कुणाच्या घरून येणार आणि परत कोण नेणार. आणि तो कंदील आहे. प्राथमिक फेरीत आजोबा एका हातात कंदील घेऊन येत होते, पुढच्या तालमीत कधीतरी हात बदलला, त्यामुळे कडी काढायला हात मोकळा राहीना आणि दर वेळी दाराशी दोन सेकंदांचा घोळ व्हायला लागला. लेखक, दिग्दर्शक, नट, सगळे तिथेच होते. लक्षात आलं ते तुझ्या. हा मजकूर लिहिताना तुझं अक्षरसुद्धा बदललंय. आधीची दोन पानं जपून लिहिलेली, इथे पेन धावतंय.

म्हणून तुझा ‘नोकरी सोडू का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवते. पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझ्या बाबांचा आहे. त्यांनी तो टोमणा म्हणून विचारला असेल, नसेलही. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला कॅशियर, क्लार्क, ऑफिसर, इन्स्पेक्टर हे वेगळे धंदे आहेत हे ठाऊक असतं. ‘मी बँकेत जाणार’ एवढ्यावर त्यांनी कुणाला कर्ज दिलं नसतं. ‘सिनेमात जाणार’ हे वाक्यही तितकंच अर्धवट आहे. आपल्या घरांतून सिनेमातली दोनच कामं ठाऊक असतात, पडद्यावर दिसणारं आणि दिग्दर्शकाचं. मग ज्याला अभिनय करायचा नसतो, तो सिनेमाच्या वेडाला दिग्दर्शन म्हणून मोकळा होतो. दुसरा शब्दच कुणी दिलेला नसतो.

तुझ्या वहीच्या कामाला सेटवर नाव आहे. एक प्रसंग घे. घरातली तिघं पोहे खात बोलतायत, पडद्यावर दीड मिनिट. चित्रण मात्र अर्धा दिवस चालतं: आधी सगळे दिसतील असा मास्टर, मग एकेकाचे क्लोज. मास्टरमध्ये मुलानं ‘आई’ म्हणताना दुसरा चमचा तोंडात घातला असेल, तर दोन तासांनी क्लोजमध्येही त्याच शब्दावर, त्याच हातानं घालायला हवा. लिंबाची फोड ताटलीच्या कुठल्या कडेला होती? पोहे किती उरले होते? प्रत्येक टेकला ताटली नव्यानं भरायची, म्हणजे आर्टवाल्यांना आदल्या रात्री सांगायला हवं की तीन माणसांचे पोहे तीस माणसांना पुरतील इतके करा, आणि एका नटाला शेंगदाणे चालत नाहीत. साडेअकरापर्यंत पोह्यांची ढेकळं होतात. खिडकीतलं ऊन सरकलेलं असतं, ते लाइटदादा सांभाळतात. पण ‘वाफ येत होती’ हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं, नाहीतर संकलकाच्या टेबलावर एका शॉटमध्ये गरम आणि पुढच्यात गार पोहे येतात, आणि तो आपल्याला शिव्या घालतो. मी खाल्ल्यात.

ही कंटिन्युइटी. दिग्दर्शन विभागातलंच काम, पण कसब वेगळं. त्याच विभागात फर्स्ट एडी असतो, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक. नाव ‘सहायक’ असलं तरी सेटवर दिवस चालवतो तो. चित्रपट क्रमानं चित्रित होत नाही. पहिल्या दिवशी ६१वा प्रसंग, चौथ्या दिवशी तिसरा. ५८व्या प्रसंगात नायकाच्या कपाळाला पट्टी असेल, तर ६१व्यात व्रण हवा. म्हणून स्क्रिप्टचं ब्रेकडाऊन करतात: दिवस की रात्र, आत की बाहेर, माणसं कोण, सामान काय, कपडे कुठले, गाडी, पाऊस, जनावर. त्यावरून शेड्यूल, आणि शेड्यूलवरून रोज रात्री दुसऱ्या दिवशीची कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता कुठे हजर राहायचं तो कागद.

तुला बोलावलंय ते कोकणात, म्हणून तिथलंच उदाहरण देते. किनाऱ्यावरचा प्रसंग तीन दिवस चित्रित करायचा असेल, तर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. पहिल्या दिवशी सकाळी नऊला जिथे कॅमेऱ्याचा ट्रॅक टाकला, तिथे तिसऱ्या दिवशी नऊला वेगळंच चित्र असतं. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहाच्या सुमारास. मला हे एका होडीवाल्या काकांनी शिकवलं, तेही आमचं अर्धं सामान भिजल्यावर. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या शेड्यूलला मी कालनिर्णय शेजारी घेऊन बसायचे. तुझ्या हिंजवडीच्या कामात कुणाचं काम कुणामुळे अडलंय हेच तू दिवसभर बघतेस ना? साडेचार वर्षं वाया गेली, असं तू लिहिलंयस. मला तसं दिसत नाही.

तू म्हणशील, म्हणजे ताई, मी दिग्दर्शन विसरू? तसं मी म्हणत नाही. तुझं पत्र तसं सांगत नाही, इतकंच. आणि एका टेबलावरून दुसऱ्याकडे वाटा जातात. ‘लगान’ (२००१) भुजजवळ एकाच सलग शेड्यूलमध्ये, जागेवरच आवाज ध्वनिमुद्रित करत चित्रित झाला, म्हणजे कामाची शिस्त किती लागली असेल बघ. त्याच्या सहायक दिग्दर्शकांतले अपूर्व लाखिया, रीमा कागती आणि किरण राव पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. त्याहून जुनं उदाहरण तुझ्या गावातलं आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ला पुण्यात आली. तिचे दामले ध्वनीचं बघायचे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं. दोघं बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. ‘संत तुकाराम’ (१९३६) या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शिवाय सगळ्यांना दिग्दर्शनाकडेच जायचं असतं असं कुठे आहे? ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरच्या भानू अथैय्या, वेशभूषाकार.

बाकीच्या खात्यांचं थोडक्यात सांगते, कारण अशी पत्रं मला महिन्याला चार-पाच येतात आणि सगळ्यांकडे कंदील नसतो. कॅमेऱ्याची शिडी सरळ आहे, पण चढायला वेळ लागतो: कॅमेरा अटेंडंट, सहायक, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), ऑपरेटर, मग छायाचित्रकार. फोकस पुलर आयुष्यभर तेच काम करून मानानं जगतो, हे घरी समजावून सांगावं लागतं. संकलनात सहायकाची सुरुवात चित्र आणि आवाज जुळवण्यापासून आणि फुटेजला नीट नावं देण्यापासून होते. एकट्यानं तासन्‌तास बसायची सवय असेल तर हे चांगलं. ध्वनीत सेटवर काठीला लावलेला माइक धरणारा बूम ऑपरेटर वेगळा, स्टुडिओत नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढणारा फोली आर्टिस्ट वेगळा आणि शेवटी सगळं मिसळणारा वेगळा. कलाविभागाला आर्किटेक्चरची आणि फाइन आर्टची मुलं लागतात. लेखकांनी आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हावं, स्क्रिप्टची नोंद करावी, मग ती कुणाला पाठवावी. आणि निर्मितीचं खातं, ज्याकडे कुणीच बघत नाही: बजेट, परवानग्या, गाड्या, जेवण, पैसे. हे सगळं सांभाळणारा तो लाइन प्रोड्युसर. लाइन प्रोड्युसर व्हायचं स्वप्न पाहणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही, आणि चांगल्या लाइन प्रोड्युसरला मी कधी रिकामं बसलेलं पाहिलेलं नाही.

आता तुझ्यासमोरच्या दोन वाटा.

आधी ६ लाखांचा कोर्स. संस्था कुठली ते तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. तिथे जाऊन तीन गोष्टी विचार. वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा किती दिवस असतो? शिकवणाऱ्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत कशावर काम केलंय? आणि मागच्या बॅचच्या पाच जणांचे फोन नंबर देता का? नंबर द्यायला खळखळ केली तर तुझे ६ लाख वाचले. फिल्म इन्स्टिट्यूटचं वेगळं. १९६० साली ‘प्रभात’च्याच जागेत सुरू झालेली ही संस्था तुझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि तिचं नाव तुझ्या पत्रात एकदाच येतं, तेही ‘तिथे काही मिळणार नाही’ म्हणून. हे कुणी ठरवलं? कुठल्याही शाखेचा पदवीधर दिग्दर्शनाची प्रवेश परीक्षा देऊ शकतो. आधी लेखी असते, मग निवडलेल्यांची पुढची फेरी. जागा मोजक्या आहेत, तीन वर्षं द्यावी लागतात, म्हणून तूर्त तुला ते सुचवत नाही. पण तुझ्या वहीचा कल बघता कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, तो नजरेखालून घाल. नाहीतर आपल्या इन्स्टिट्यूटचे छोटे कोर्स असतात, रजा टाकून करण्यासारखे.

मग ते ४५ दिवस. ‘अशी संधी पुन्हा येणार नाही’ हे वाक्य पत्रात दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा ते तुझ्या तोंडचं वाटत नाही, त्या ओळखीच्या माणसाचं वाटतं. फुकट काम करणाऱ्या चौथ्या सहायकाची गरज या धंद्यात दर महिन्याला कुणाला ना कुणाला असते. पण मी मोडता घालत नाहीये. सेटवर गेल्याशिवाय सेट कळत नाही. जावंस, पण विचारून जावंस.

चौथ्या सहायकाला नेमकं काय करायचंय, हे आधी विचार. क्लॅप, ज्युनिअर आर्टिस्ट सांभाळणं, नटांना व्हॅनमधून बोलावून आणणं, की कंटिन्युइटीत मदत? ‘पडेल ते’ असं उत्तर आलं तर, ‘मला कंटिन्युइटीच्या हाताखाली ठेवाल का’ असं सरळ म्हण. मग शिफ्ट किती तासांची, राहायची सोय काय, मुलींची खोली वेगळी का, जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च कोण करणार, श्रेयनामावलीत नाव कसं येणार. आणि पैसे. अगदी नाहीच म्हणाले तरी रोजचा भत्ता माग, थोडका का होईना. ज्याच्या कामाला काहीच मोल लावलेलं नसतं, त्याला पहाटे चारला सगळ्यात आधी उठवतात आणि शिकवायला कुणालाच वेळ नसतो. हे सगळं फोनवर ठरलं तरी रात्री एक ईमेल टाक: ‘आपलं असं असं बोलणं झालं, चुकलं असेल तर कळवा.’ माझ्या पहिल्या सिनेमाचे पैसे अजून यायचेत. निर्माता आता हयात नाही, नाव सांगत नाही. तोंडी ठरलं होतं, चहा पिऊन.

आणखी एक विचार, लाजू नकोस. तक्रार करायची वेळ आली तर कुणाकडे करायची? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती मागतो, आणि सिनेमाचं युनिट दहा माणसांहून लहान सहसा नसतं. केरळात हेमा समितीचा अहवाल २०२४मध्ये लोकांसमोर आला, त्यात सेटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसल्याचंही लिहिलंय. बाहेरगावच्या शूटिंगला निघालेल्या मुलीनं हे विचारलं तर नीट युनिट उत्तर देतं. ज्याला राग येतो, त्याच्याबरोबर ४५ दिवस काढायचे का, ते तूच ठरव.

नोकरीचं म्हणशील तर राजीनामा आत्ता देऊ नकोस. बिनपगारी रजा माग. ४५ दिवस मिळणार नाहीत कदाचित, पण विचारलंयस का? पत्रात तरी तसं दिसलं नाही. नाहीच मिळाली तर त्या माणसाला सांग, की शूटिंगच्या आधीचे शनिवार-रविवार मी देते, ब्रेकडाऊन करायला, आणि मग १२-१५ दिवस सेटवर येते. शूटिंगआधीचे ते दिवस तुझ्यासारखीला ४५ दिवसांच्या धावपळीपेक्षा जास्त शिकवतील, असं माझं मत आहे. माझे सगळेच जुने सहकारी ते मानणार नाहीत.

पुढेमागे सोडशीलच, तर त्या आधी हप्ता धरून आठ महिन्यांचा खर्च बँकेत असू दे. सहा महिने म्हणायची पद्धत आहे, मी दोन वाढवते, कारण इथे काम संपल्यावर पैसे यायला ९० दिवस लागणं ही सर्रास गोष्ट आहे आणि दोन कामांच्या मध्ये रिकामे महिने येतातच. टीडीएस कापून पैसे येतील, दरवर्षी रिटर्न भर. आरोग्य विमा कंपनीचा असेल तर नोकरी सोडायच्या आधी स्वतःचा काढ. आईबाबांचाही.

‘पुण्यात राहून काय होणार’ असं लिहिलंयस, ते अर्धं खरं आहे. मालिका आणि मोठे चित्रपट मुंबईत ठरतात. पण पहिली दोन वर्षं हात बसवायला पुणं पुरतं. इन्स्टिट्यूटच्या मुलांच्या फिल्म्सना बाहेरची माणसं लागतात, विशेषतः सामान आणि वेळापत्रक सांभाळणारी, कारण ते काम करायला त्या मुलांपैकी कुणीच आनंदानं पुढे येत नाही. चाकणच्या, हिंजवडीच्या कंपन्या स्वतःच्या फिल्म्स करून घेतात. दोन दिवसांचं शूटिंग, पैसे वेळेवर. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हचा कार्यक्रम असला की जात जा. १९६४पासून ती संस्था आपल्या गावात आहे आणि निम्म्या पुण्यानं तिचं फाटक फक्त रिक्षातून पाहिलंय. तुझ्या ‘पुरुषोत्तम’च्या टीमपैकी कोण शॉर्टफिल्म करतंय, तेही विचार. एक-दोन जण करत असणारच, पुण्यातच राहतो आपण.

आणि बाबा. त्यांना ‘माझं स्वप्न’ वगैरे सांगायला जाऊ नकोस. त्या माणसाकडून स्क्रिप्टची दहा पानं मागून घे (नाहीच दिली तर तुमच्या जुन्या एकांकिकेची संहिता घे) आणि एका रविवारी त्याचं ब्रेकडाऊन कर, एक्सेलमध्ये. प्रसंग, जागा, वेळ, माणसं, सामान, अंदाजे खर्च. मग तो कागद त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, हे काम. ते बेरजा तपासतील. बँकेतले आहेत, एखादी चूक काढतीलच. काढू दे.

त्या कागदाचे दोन तास तुला जड गेले, मध्ये चार वेळा मोबाइल बघितला, आणि मन सारखं ‘हा प्रसंग असा असायला हवा होता’ याच्याकडे पळालं, तर माझा अंदाज चुकला. मग तू खरंच दिग्दर्शनाकडची आहेस. तसं असेल तर एक प्रसंग तीन पानांत लिही, दोन मित्रांना घेऊन मोबाइलवर चित्रित कर, आणि मला पुन्हा पत्र पाठव. मी वेगळं उत्तर देईन. पण ब्रेकडाऊनच्या त्या कागदात रात्रीचे दोन वाजले आणि तुला कळलंच नाही, असं झालं, तर त्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी फोन कर. चौथी सहायक म्हणून येते म्हण, पण कंटिन्युइटीच्या हाताखाली. आणि जाताना दोनशे पानी नवी वही घे, पाण्यात भिजली तरी पसरणार नाही अशा पेनासकट.

तुझी,
ताई

ता.क. कंदील शेवटी कुठल्या हातात ठरला, ते लिहायचं राहिलंय तुझं. दोन दिवस मी उगीचच विचार करतेय.